फ्लेक्स लागला, आता गाणी?

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूरचा, वय 26. दिवसा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला असतो, संध्याकाळी बेस गिटार वाजवतो. आमचा चौघांचा मराठी रॉक बँड आहे. चार वर्षं आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. गेल्या दिवाळीत आमच्या एका गाण्याचा मिनिटभराचा तुकडा मोबाइलवर फिरला आणि सगळं बदललं. एका मोठ्या पेजनं 'मराठी रॉकचं भविष्य' असं लिहिलं. गल्लीच्या तोंडाला एका इच्छुक उमेदवारानं फ्लेक्स लावला, 'कोल्हापूरची शान'. त्यावर आम्हा चौघांपेक्षा त्याचाच फोटो मोठा. मंडळं, कॉलेजं, शोरूमची उद्घाटनं, सगळीकडून सुपाऱ्या येतायत.

दुसरीकडे गावात कुजबुजही आहे. 'नुसता आरडाओरडा', 'एका रीलवर उडायला लागली पोरं', 'मंडळात वाजवतात, रॉक कसला'. पुण्यातले वाजवणारे मित्र म्हणतात, ही लोकल हवा आहे, खंबाटकी ओलांडली की उतरते.

पण मला खरं खुपतंय ते वेगळंच. गायक आणि मी ज्यांच्याकडे गिटार शिकलो ते सर, जन्मभर ऑर्केस्ट्रात वाजवलेले, चहाच्या गाड्यावर कुणाला तरी म्हणाले, 'पोरं दिसतात भारी. गाणं अजून यायचंय.' ते गायकाच्या कानावर गेलं. तो खवळलाय. नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असा उत्तराचा व्हिडिओ टाकायचा म्हणतोय. आणि मला, ताई, सरांचं पटतंय. दीड तासाच्या कार्यक्रमात आमची स्वतःची गाणी पाच. बाकीचा कार्यक्रम आम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवून काढतो. हे बँडमध्ये बोललो तर गद्दार ठरेन.

त्यात पुण्याच्या एका एजंटाने पाच वर्षांचा करार पाठवलाय. गायक म्हणतो, सही करू, नोकऱ्या सोडू. काय करू?

– एक बेसवाला

---

अरे बेसवाल्या,

आधी तो व्हिडिओ. तो होता कामा नये. आज रात्री गायकाच्या घरी जा आणि एवढंच सांग की आठ दिवस थांब. आठ दिवसांत राग निम्मा होईल. ज्यांनी हातात गिटार दिली त्यांच्यावर जाहीर तोंड टाकलंत, तर आज फ्लेक्सखाली उभं राहून तुमच्याबरोबर सेल्फी काढणारेच उद्या 'पोरं माजली' म्हणतील. आणि तेव्हा त्यांचं काही चुकलेलं नसेल.

सरांच्या बोलण्यात मला टोमणा कमी आणि हिशेब जास्त दिसतो. दीड तासाचा कार्यक्रम, त्यात स्वतःची गाणी पाच. तू पत्रात हाच हिशेब मांडलायस, तोही सरांचं मत कळण्याच्या आधीपासून तुझ्या डोक्यात असणार. मग गद्दारी कसली? बेसवाला ड्रमच्या शेजारी उभा असतो, त्याला गर्दीही दिसते आणि बँडही पूर्ण ऐकू येतो. गायकाला पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमधून बहुतेक स्वतःचाच आवाज येत असतो. त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांत आधी तुला कळली यात नवल नाही. तुझं काम आता ती नीट शब्दांत तिघांपर्यंत पोचवण्याचं आहे. त्याकडे येतेच, पण आधी हा गाजावाजा आणि ही कुजबुज जरा निवडून घेऊ. तू दोन्ही एकाच पिशवीत भरून पाठवली आहेस.

फ्लेक्सवाल्याला निवडणूक लढवायची आहे. पेजवाल्याला रोज कुणीतरी 'भविष्य' लागतं. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या कुणाचं असेल. शोरूमवाल्याला फीत कापताना आवाज हवा. यातल्या कुणीही तुमची पाचही गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेली नाहीत, अशी माझी पैज. म्हणून ते वाईट लोक ठरत नाहीत. त्यांनी दारात गर्दी आणून दिली, हे फुकटात झालेलं काम आहे. त्याचे आभार माना, उमेदवाराला नम्रपणे सांगा की आम्ही कुठल्याच पक्षाच्या स्टेजवर वाजवत नाही (आणि खरंच वाजवू नका, नाहीतर पुढची पाच वर्षं अर्ध्या गावासाठी तुम्ही 'त्यांचे' बँडवाले), आणि विषय सोडून द्या.

'एका रीलवर उडायला लागली' म्हणणाऱ्यांकडेही दुर्लक्ष करा. 'मंडळात वाजवतात, रॉक कसला' हे तर सरळ डोक्याबाहेर टाकून दे. हे सहसा ज्यांना मंडळानं कधी बोलावलं नाही त्यांचंच म्हणणं असतं. महाराष्ट्रात गर्दीसमोर वाजवायला शिकायचं तर मंडळासारखी शाळा नाही. शेंगा खात, पोर कडेवर घेऊन, अर्धं लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाला थांबवता आलं, तर कॉलेजच्या फेस्टमधली उडणारी पोरं म्हणजे किरकोळ.

'आरडाओरडा' मात्र बाजूला काढून ठेव. ही तक्रार मी गंभीरपणे घेते, आणि तूही घे.

कोल्हापूरच्या कानाला कमी लेखू नकोस. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब होते. जगदीश खेबुडकर याच जिल्ह्यातले, याच गावात राहून लिहिणारे. या गावाला सूर कळतो, आणि शब्द ऐकू आला नाही की त्याचं लक्ष उडतं. आता तुमचा मंडळातला कार्यक्रम आठव. साउंडवाला बहुतेक वेळा डॉल्बीवाला. त्याच्याकडे बेसचे डबे भिंतीएवढे. त्याला आयतं तयार गाणं लावायची सवय. चार माइक, दोन गिटार आणि अख्खा ड्रम किट एकमेकांत बसवायचं काम त्याला क्वचितच पडतं. साउंडचेकला वेळ नाही, कारण आरती लांबली. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो ओरडतो. त्याचा आवाज वर गेला की गिटारवाला आपला अँप वाढवतो. मग ड्रमर आणखी जोरात मारतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत मैदानात पोचतो तो एक सलग गोंगाट, आणि त्यात मराठीचा एक शब्द सुटा ऐकू येत नाही. समोरचे काका 'नुसता आरडाओरडा' म्हणतात तेव्हा ते रॉक संगीतावर टीका करत नसतात. त्यांना ऐकू आलं तेच ते सांगत असतात.

यात तुझ्या हातात बरंच आहे. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारची सगळी धार आणि माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं साधारण एकाच पट्टीत बसतात, दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास. दोघांना तिथे एकाच वेळी जागा मिळत नाही. म्हणून कडव्याला गिटारनं मागे सरायचं, जाड रिफ ध्रुवपदासाठी राखायची, आणि कडवं तू आणि ड्रमरनं उचलायचं. मिक्सरवर गिटारच्या त्या पट्टीत थोडी कात्री लावायला साउंडवाल्याला सांग. तो नाही म्हणाला तर गिटारच्या अँपवरचा ट्रेबल थोडा उतरव. ड्रमरला कडव्यात क्रॅशची झांज कमी मारू दे. एका रिहर्सलला फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून गाणं रेकॉर्ड करा आणि ते गाणं कधीच न ऐकलेल्या माणसाला, उदाहरणार्थ ड्रमरच्या आईला, ऐकवा. त्यांना जेवढे शब्द लिहून काढता आले तेवढेच शब्द गावानं ऐकलेत असं धरून चाल. गायकाला राग येईल. येऊ दे, हा राग कामाचा आहे.

साउंड सुधारला तरी गाणी पाचच राहतात.

इथे तुला लांबच्या दोन गोष्टी सांगते, कारण तुमच्या सध्याच्या अवस्थेचं इतकं साफ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. 1994 साली लंडनच्या कॅम्डन भागात मेन्सवेअर नावाचा बँड झाला. पोरं देखणी, कपडे नेटके, सगळ्या पार्ट्यांत ओळख. त्या काळात इंग्लंडमधल्या संगीत साप्ताहिकांना दर आठवड्याला नवा चेहरा लागायचा. मेन्सवेअरचं पहिलं गाणं बाजारात येण्याआधीच ते 'मेलडी मेकर'च्या मुखपृष्ठावर होते आणि बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमातही. 1995 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ब्रिटनच्या खपाच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत चढलाही. दुसरा अल्बम तयार होऊन 1998 मध्ये आला तो फक्त जपानात. मायदेशात काढायला कुणी तयार नव्हतं. त्याच वर्षी बँड मोडला. ही पोरं वाजवायला अगदी वाईट होती असं नाही. त्यांचा बोलबाला त्यांच्या गाण्यांच्या कैक मैल पुढे निघून गेला होता, आणि मग लोक जे ऐकायला आले ते तिथे नव्हतंच.

दुसरी गोष्ट शेफील्डची. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव, तुमच्या शिरोलीच्या पोरांना ते नाव परकं वाटायला नको. तिथला आर्क्टिक मंकीज हा बँड 2002 मध्ये जमला, पहिला कार्यक्रम 2003 च्या जूनमध्ये गावातल्याच एका पबात. पुढची दोन वर्षं त्यांनी आपल्या गाण्यांच्या सीडी घरीच बनवून कार्यक्रमाला आलेल्यांना फुकट वाटल्या. ऐकणाऱ्यांनी त्या इंटरनेटवर चढवल्या. ज्यांच्या हाती त्या पडल्या त्यांनी शब्द पाठ केले, आणि कंपन्या दारात येईपर्यंत समोरची गर्दी अख्खी गाणी गात होती. गाण्यांत काय होतं? शेफील्डच्या रात्री, तिथले बाउन्सर, तिथल्या टॅक्सीच्या रांगा, आणि तिथलाच हेल. जानेवारी 2006 मध्ये पहिला अल्बम आला तो पहिल्या आठवड्यात 3,63,735 प्रती खपला. ब्रिटनमध्ये तोवर कुठल्याच बँडचा पहिला अल्बम इतक्या वेगानं खपला नव्हता. गाजावाजा त्यांचाही प्रचंड झाला, मेन्सवेअरपेक्षा कितीतरी जास्त. पण तो आला तेव्हा झोळीत गाणी होती.

याच गोष्टीचं शेपूट खास तुझ्यासाठी. त्या बँडचा मूळ बेसवाला, अँडी निकल्सन, सततच्या दौऱ्यांनी इतका थकला की 2006 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलाच नाही, आणि जूनमध्ये बँडमधून बाहेर पडला. यशाच्या ऐन भरात. तेव्हा नोकरी सोडून रोज वेगळ्या गावात वाजवायची स्वप्नं बघताना चौघांपैकी कुणाला किती झेपतं हेही एकदा बोलून घ्या.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर इंडियन ओशन हा बँड घे. 1990 साली दिल्लीत सुरू झाले, पहिला अल्बम 1993 मध्ये, आणि ज्या 'कंदिसा' अल्बममुळे देशभर घराघरांत पोचले तो आला 2000 मध्ये. दहा वर्षं. त्यातलं एक गाणं नर्मदेच्या खोऱ्यातून आलेलं. बेस वाजवणारा राहुल राम नर्मदा आंदोलनात काम करत होता, तिथून ते सूर बँडमध्ये आले. कुणी म्हणेल, तेव्हा रील नव्हत्या. बरोबर आहे. रील असत्या तर कदाचित तेही चौथ्या वर्षी 'भविष्य' ठरले असते आणि 'कंदिसा' बनायच्या आधीच दमले असते.

तर, बँडला सांगायचं कसं. सरांचं नाव मध्ये आणू नकोस. 'सर बरोबर बोलले' म्हणालास की वाद सरांवर जाईल आणि गाणी बाजूला राहतील. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको. रिहर्सलच्या खोलीत, वाजवून झाल्यावर, सगळे घामाघूम बसलेले असताना बोल. स्वतःच्या इच्छेपासून सुरू कर: 'मला आपला दीड तास आपल्याच गाण्यांचा हवाय.' याला कोण नाही म्हणेल? मग मागच्या कार्यक्रमाची यादी काढ आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच, कुठलं गाणं आपलं, कुठलं दुसऱ्याचं. तेवढं पुरतं, भाषण करू नकोस. त्यानंतर एक ठोस मागणी ठेव: गणपतीपर्यंत महिन्याला ठरावीक एवढ्याच सुपाऱ्या, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी फक्त नवं रचायचं, जुनं वाजवायचं नाही. गायक चिडला तर चिडू दे. त्याच्या डोक्यात सध्या जे चाललंय ते मला समजतं. चार वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही आणि आता अख्खं गाव नाव घेतंय, त्यात एकच माणूस नाही म्हणाला आणि तो नेमका गुरू. ही जखम आहे. तिला तोंड फुटण्याआधी त्याला एकट्याला गाठ आणि विचार, सरांचं बोलणं एवढं का लागलं. मला वाटतं, आतून त्यालाही गाण्यांचा आकडा माहीत आहे.

सरांकडे मात्र तू जा. बेस घेऊन जा, जमलं तर गायकाला नंतर ने. पाचही गाणी बिनअँपची, अंगणात बसून वाजवून दाखव. 'कसं वाटलं' असं विचारू नकोस, त्याला 'छान आहे' एवढंच उत्तर येतं. विचार, लक्ष कुठे उडालं? कुठलं कडवं काढून टाकलं तर चालेल? चाल कुठून उसनी वाटते? जन्मभर ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या माणसानं हजारो गाणी उलगडून पुन्हा जोडलेली असतात. गाणं का चालतं आणि दोन अंतऱ्यांच्या मधली जागा कशी भरायची, हे त्यांच्या हाताला माहीत असतं. त्यांना तुमचं डिस्टॉर्शन आवडणार नाही कदाचित. त्या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

पुण्यातल्या मित्रांची हवा-बिवा सोडून दे. पण त्यांच्या बोलण्यातून एक कसोटी काढता येते, ती कोल्हापुरातच घेऊ. स्वतःचा कार्यक्रम लावा. छोटा हॉल, शंभर-दीडशे खुर्च्या, तिकीट दीडशे रुपये, आणि फक्त स्वतःची गाणी, जेवढी झाली असतील तेवढी. आठ झाली तर आठ, पाऊण तासात संपवा. फुकट पास कुणालाच नाही. उमेदवाराला नाही, मामाला नाही, पेजवाल्याला तर मुळीच नाही. कोल्हापुरात हे म्हणणं म्हणजे धाडस आहे, मला कल्पना आहे. 'आपलीच पोरं की, तिकीट कसलं?' असं दहा जण म्हणतील. त्या दहा जणांची नावं मनात ठेव, म्हणजे पुढे त्यांचं मत किती मनावर घ्यायचं ते कळेल. जे दीडशे रुपये देऊन येतील, फक्त तुमची गाणी शेवटपर्यंत ऐकतील आणि जाताना एखादी ओळ गुणगुणतील, गावाचं मत म्हणजे तेवढ्यांचं मत. तीस जण आले तरी चालतील. त्या तिसांपैकी किती जण दुसऱ्या कार्यक्रमाला पुन्हा तिकीट काढतात, ते मोजा. रीलचे आकडे यापुढे मोजू नका.

हॉल लवकर धरा. 2024 च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा अख्खं गाव हळहळलं; 1915 सालची शाहू महाराजांची वास्तू ती. चांगल्या रंगमंचाची किंमत कोल्हापूरला त्या रात्री कळली, आणि जे हॉल आहेत त्यांच्या तारखा मिळणं सोपं नसतं. उघड्या जागेवर करणार असाल तर रात्री दहाचं भान ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावू देत नाहीत. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत जी सवलत सरकार देऊ शकतं ती सणांसाठी, तुमच्या शेवटच्या गाण्यासाठी नाही. सातला सुरू करा म्हणजे सात.

आता तो करार. 'पाच वर्षं' यापलीकडे तू त्यातलं काही लिहिलेलं नाहीस, आणि मला भीती आहे की तुम्ही ते वाचलेलंही नाही. एजंटानं कार्यक्रम मिळवून द्यायचे आणि त्यावर टक्केवारी घ्यायची, हा एक व्यवहार झाला. गाण्यांचे हक्क लिहून घ्यायचे, हा पूर्ण वेगळा. दोन्ही एकाच कागदावर असतील आणि मध्ये कुठेतरी 'सर्व हक्क' असे शब्द असतील, तर सही करू नका, एजंट कितीही गोड बोलत असला तरी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून सिनेमासाठी वा रेकॉर्डिंगसाठी दिलेल्या गाण्यावरही गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा टिकून राहतो, तो कुणाला कायमचा विकून टाकता येत नाही. हे तुमच्या बाजूचं आहे. पण करारात हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर अख्खा भारत. तेव्हा जे लिहिलंय तेही बघा आणि जे लिहिलेलं नाही तेही.

त्याआधी चौघांत एक साधा कागद करा. प्रत्येक गाण्याखाली शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, आणि चौघांच्या सह्या. आज हसत हसत अर्ध्या तासात होईल. पैसा आल्यावर हेच काम वर्षभर चालतं आणि दोस्ती संपवून थांबतं. तुमच्यातला जो लिहितो आणि जो चाल लावतो त्यानं आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्यावं, म्हणजे गाणं कुठे सार्वजनिक वाजलं तर त्याची रॉयल्टी त्या मार्गानं येऊ शकते. बँडचं नाव ट्रेडमार्कच्या 41 व्या वर्गात नोंदवता येतं, करमणुकीच्या सेवा त्याच वर्गात येतात. नोंद चौघांच्या नावानं करा, एकट्या गायकाच्या नको. तो प्रामाणिक आहे, मान्य. तरी नको.

हे फार पुढचं वाटत असेल तर केरळच्या थैक्कुडम ब्रिज या बँडचं बघ. 2013 मध्ये टीव्हीवरच्या कार्यक्रमातून एका झटक्यात वर आले, तेही जुन्या गाण्यांची माळ गुंफून, म्हणजे तुमच्यासारखंच दुसऱ्यांच्या गाण्यांवर. दोन वर्षांत त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. 2022 मध्ये 'कांतारा' या कन्नड चित्रपटातलं एक गाणं त्या अल्बममधल्या आपल्या गाण्यावरून उचललंय, असा दावा घेऊन ते कोर्टात गेले, आणि त्या गाण्याच्या वापराला काही काळ मनाई मिळवली. पुढे ते प्रकरण बरंच वळसे घेत गेलं. मनाईपर्यंत तरी पोचता आलं, कारण गाणं त्यांचं होतं आणि तसं दाखवता येत होतं. तुमची पाच गाणी कुणाची आहेत, हे आज तुम्ही कोर्टाला कशावरून दाखवाल?

नोकरी सोडू नकोस. किमान आता नाही. समजा एका सुपारीचे चाळीस हजार मिळाले. त्यातून गाडी, साउंडचं जास्तीचं, जेवण, तारा-काड्या, एजंटाची टक्केवारी काढा, मग चौघांत वाटा, आणि पावसाळ्यात सुपाऱ्या किती येतात तेही आठवा. हा हिशेब गायकाला कागदावर करून दाखव, तोंडी नको. फाउंड्रीत शिफ्ट बदलून मिळत असेल तर विचार. पगार चालू असला की नको त्या उद्घाटनाला नाही म्हणता येतं, आणि सध्या तुम्हाला सर्वांत जास्त गरज आहे ती नाही म्हणण्याची.

एजंटाला लिहून कळव की वकिलाला दाखवून पंधरा दिवसांत उत्तर देतो. चांगला असेल तर थांबेल. वकिलाकडे जाताना करार छापून ने, मोबाइलवर दाखवू नकोस, पेन्सिलीनं खुणा करता आल्या पाहिजेत. आणि गायकाला सोबत ने. त्याला मध्ये बसव.

– ताई